सरळ जा आणि पुढे कुणालाही विचारा

मागच्या अंकात मी सहज एक तक्रार केली होती. मोठ्या आवारात शिरलेल्या नवख्या माणसाला सर्वांत जास्त वेळा मिळणारे उत्तर म्हणजे ‘सरळ जा आणि पुढे कुणालाही विचारा’. त्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेकांनी आपापल्या हरवण्याच्या कथा सांगितल्या, त्या पुन्हा कधीतरी. काहींच्या संस्थेत मात्र फलकांचे आणि नकाशांचे काम खरोखरच निघाले आहे आणि त्यांनी नेमके प्रश्न विचारले आहेत. त्यांतली सात पत्रे इथे घेते. पत्रे लांब होती, मी छाटली आहेत. तेवीस वर्षे मी हेच काम करते आहे आणि सुरुवात पत्र्यावर अक्षरे रंगवण्यापासून झाली. त्यामुळे उत्तरांना अधूनमधून टर्पेंटाइनचा वास येईल.

प्रश्न : आमच्या शैक्षणिक संकुलात ३८ इमारती आणि तीन प्रवेशद्वारे आहेत. सगळ्या विभागांकडून फलकांच्या मागण्या मागवल्या, तर यादी १४२ वर गेली. ही यादी जोडून निविदा काढावी का? नाहीतर सुरुवात कुठून करावी?
(संकुलाची व्यवस्था पाहणारे एक अधिकारी)

उत्तर : निविदा थांबवा. यादी फाडू नका, पण कपाटात ठेवा. आपले नाव कुठे झळकावे असे विभागांना वाटते, ते तिच्यात आहे. आलेला माणूस कुठे अडतो, ते तिच्यात नाही.

ते ज्याला ठाऊक आहे तो तुमच्या फाटकावर उभा आहे. तिन्ही फाटकांवरच्या सुरक्षारक्षकांना एकेक वही द्या. आठवडाभर, कुणी काही विचारले की एक ओळ लिहायची : काय विचारले, आणि विचारणारा कुठून आला होता. लिहायचा कंटाळा येत असेल तर आधीच दहा-पंधरा ठिकाणांची नावे छापून द्या आणि पुढे रेघा मारायला सांगा. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा वहीत वरच्या चारांत आले ते शुल्क भरण्याची खिडकी, स्वच्छतागृह, परीक्षेचे सभागृह आणि ‘बाहेर जायचा रस्ता’. समितीच्या यादीत यांपैकी एकही नव्हते. यादीत अधिष्ठात्यांच्या कार्यालयाचे तीन फलक होते.

मग चालायचे. या आवारात कधीच पाऊल न टाकलेला माणूस शोधा. त्याच्या हातात एक चिठ्ठी द्या, ‘अमुक विभागात मुलाखत आहे’ एवढीच, आणि त्याच्या दहा पावले मागून तोंड मिटून चाला. तोंड मिटून हे महत्त्वाचे, कारण तो चुकीकडे वळला की आपली जीभ वळवळते. त्याचा वेग कुठे मंदावतो, मान दोन्हीकडे कुठे फिरते, खिशातून फोन कुठे निघतो, तिथे तिथे कागदावर ठिपका काढा. हीच निर्णयाची जागा. फलक हवा तो तिथे, किंवा तिच्या थोडा अलीकडे. तिन्ही फाटकांपासून, बसथांब्यापासून आणि वाहनतळापासून हे करा. वाहनतळ लोक हमखास विसरतात. गाडीतून उतरलेल्या माणसाला आपण कोणत्या बाजूने आलो हेच आठवत नसते. एकदा अंधार पडल्यावर चाला आणि एकदा उलट दिशेने, म्हणजे आतून बाहेर. जाताना दिसलेली खूण येताना पाठीमागे असते, त्यामुळे परतीची वाट ही वेगळीच वाट असते.

केविन लिंच या अमेरिकन नगररचनाकारांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या लोकांना आपले शहर मनात कसे दिसते हे विचारले होते. १९६० मध्ये त्यांनी त्याचा निष्कर्ष मांडला : माणूस जागा लक्षात ठेवतो ती वाटा, कडा, विभाग, चौक आणि ठळक खुणा या पाच गोष्टींच्या आधाराने. तुमच्या संकुलातही त्या असणारच. पाण्याची टाकी, जुने झाड, घड्याळाचा मनोरा, मैदानाची भिंत. लोक मुळात त्यांच्याच भाषेत वाट सांगतात, ‘टाकीच्या डावीकडून’. म्हणून फलक लावण्याआधी बघा, की जागेलाच बोलते करता येते का. मुख्य दारासमोरची वाढलेली मेंदी छाटली आणि दारावर एक बरा दिवा लावला, तर दोन फलक वाचतात. मला त्याचे पैसे मिळत नाहीत, तरी सांगते.

आता ठिपके जोडा. प्रत्येक ठिपक्याला क्रमांक द्या आणि चारच प्रकार ठेवा : फाटकाजवळ आणि मोठ्या चौकात नकाशा, फाट्यावर बाणांचा खांब, इमारतीवर तिचे नाव व क्रमांक, आणि लांब सरळ रस्त्यावर मध्येच एक छोटा धीराचा फलक, ‘ग्रंथालय, याच वाटेने’. शेवटचा प्रकार कुणी मागत नाही. पण दोनशे मीटर काहीच दिसले नाही की माणूस मागे फिरतो.

आणि साखळी तुटू देऊ नका. फाटकावर ‘ग्रंथालय’ लिहिले की दारापर्यंत प्रत्येक फाट्यावर ‘ग्रंथालय’च लिहायचे आणि दारावरही तेच. फाटकावर ग्रंथालय, चौकात ज्ञानस्रोत केंद्र आणि दारावर देणगीदाराच्या आजोबांचे नाव, असे एका ठिकाणी पाहिले आहे. मुले आजोबांना वळसा घालून पुढे जात होती. देणगीदाराचे नाव जरूर लावा, मोठे लावा, पण ‘ग्रंथालय’ हा शब्द त्याच्या वर.

एका खांबावर पाच-सहाच्या पुढे नावे नकोत. आधी सरळ जाणारी, मग डावीकडची, मग उजवीकडची, आणि हाच क्रम सगळीकडे. डावा बाण ओळीच्या डाव्या टोकाला, उजवा उजव्या. हे सगळे कागदावर आले की कपाटातली यादी काढा आणि ताडून पहा. १४२ चे निम्मे उरले तर मला नवल वाटणार नाही.

प्रश्न : समितीत नकाशावरून वाद आहे. भूगोलाचे प्राध्यापक म्हणतात, नकाशात उत्तर वरच हवी, तो नियम आहे. आमचे वास्तुविशारद म्हणतात, मेट्रोच्या नकाशासारखा सुटसुटीत, सरळ रेषांचा काढू. तुमचे मत?
(एका संशोधन संस्थेतील वाचक)

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्यांच्या त्या जागा तुमच्या फाटकावर नाहीत.

प्राध्यापकांचे आधी, कारण त्यांची चूक मी स्वतः केली आहे. एका रुग्णालयाच्या आवारात मी आठ नकाशे लावले, सगळे उत्तर वर ठेवून, सगळे सारखे, देखणे. मुख्य फाटकातून माणूस शिरायचा तो दक्षिणेकडे तोंड करून. बाह्यरुग्ण विभाग होता पूर्वेला, म्हणजे शिरणाऱ्याच्या डाव्या हाताला. माझ्या नकाशात तो दिसत होता उजवीकडे. लोक नकाशा नीट वाचायचे, मान डोलवायचे आणि उजवीकडे चालू लागायचे. आठवड्यात रक्षकाने नकाशाच्या काचेवर एक कागद चिकटवला : डावीकडे जा. त्याच्या खाली कुणीतरी पेनाने दुसरा बाण काढला. तो कागद मी जपून ठेवला आहे. आठही पत्रे मी पदरच्या पैशाने बदलून दिले.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्विन लेव्हिन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘तुम्ही येथे आहात’ छापाच्या नकाशांवरच संशोधन केले. त्यांचे सांगणे साधे आहे : उभ्या नकाशात वरची बाजू म्हणजे वाचणाऱ्याच्या समोरची बाजू. तसे नसेल तर वाचणाऱ्याला नकाशा मनातल्या मनात फिरवावा लागतो. त्यात वेळ जातो आणि चुका होतात. सर्वांत वाईट अवस्था नकाशा पूर्ण उलटा असण्याची, म्हणजे माझ्या फाटकासारखी. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती फार जण विसरतात. नुसता लाल ठिपका पुरत नाही. नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांची सांगड घालायला निदान दोन बिंदू जुळावे लागतात. म्हणून ठिपक्याजवळ, उभ्या उभ्या डोळ्यांना दिसणारी एक तरी गोष्ट काढा, समोरची टाकी किंवा शेजारचा जिना. आणि ठिपक्याऐवजी टोक असलेली खूण ठेवा, म्हणजे तोंड कुठे आहे तेही कळते.

याचा अर्थ प्रत्येक जागेचा नकाशा वेगळा. मूळ चित्र एकच, ते फिरवायचे. अक्षरे मात्र उभीच राहतात, त्यामुळे सगळी नावे नव्याने बसवावी लागतात. त्याला दिवस लागतात आणि ते वेळापत्रकात कुणी धरत नाही. दोन्ही बाजूंनी वाचायच्या खांबावर दोन बाजूंना दोन नकाशे येतील. पत्र्याच्या मागे रंगाने लिहून ठेवा, ‘खांब ७, तोंड टाकीकडे’. मी न लिहिल्यामुळे बसवणाऱ्यांनी एकदा दोन पत्रे आपसांत बदलले, आणि त्यांचा काही दोष नव्हता. प्राध्यापकांसाठी कोपऱ्यात उत्तरेचा छोटा बाण ठेवा. खिशात मावणारे छापील पत्रक काढाल त्यात उत्तर वर ठेवा. कागद हातात फिरवता येतो.

आता मेट्रो. ती सरळ रेषांची पद्धत लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी हॅरी बेक या आरेखकाने १९३१ मध्ये काढली आणि १९३३ मध्ये ती छापून लोकांच्या हाती आली. गाडीत बसलेल्याला स्थानकांचा क्रम आणि गाडी बदलायची जागा एवढेच हवे असते, म्हणून बेकने अंतरे सोडून दिली. जमिनीवरच्या गोष्टींपैकी एक थेम्स नदी तेवढी ठेवली. पण लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्थानके जेमतेम २६० मीटरवर आहेत. नकाशात ते अंतर कळत नाही, आणि नवखी माणसे तेवढ्यासाठी जिने उतरून गाडी पकडतात. तुमच्याकडे येणारा पायी चालणार आहे. त्याला अंतर खरे हवे. त्याच लंडनने पुढे पादचाऱ्यांसाठी वेगळे फलक केले, २००७ मध्ये पहिले चाचणीचे खांब लागले. त्यांत नकाशा बघणाऱ्याच्या समोरच्या दिशेने फिरवलेला आहे आणि पाच मिनिटांत चालत कुठवर पोचाल याचे वर्तुळ आखलेले आहे. बेतशीर चालीने मिनिटाला ८० मीटर धरले, तर पाच मिनिटांचे ४०० मीटर होतात. हे वर्तुळ तुम्ही जरूर उचला.

एक विनंती वास्तुविशारदांना. त्यांच्याकडचा आराखडा जसाच्या तसा छापू नका. त्यात खांबांच्या ओळी असतात, गटारांची झाकणे असतात आणि दार शोधावे लागते. आलेल्या माणसाला दारच हवे असते.

प्रश्न : प्रत्येक विभागाला वेगळा रंग द्यायचा ठरले आहे. अकरा विभाग आहेत. अकरा रंग चालतील?
(एक वाचक)

उत्तर : नाही. चार, फार तर पाच. त्यापुढे ‘फिकट जांभळा का गडद जांभळा’ असा संवाद सुरू होतो. शिवाय पुरुषांमध्ये शंभरात साधारण पाच ते आठ जणांना लाल आणि हिरवा यांत फरक करणे जड जाते, म्हणून रंगाबरोबर अक्षर किंवा क्रमांक हवाच. रंगाने विभागापेक्षा काम वेगळे दाखवता आले तर जास्त चांगले. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर १९६७ मध्ये बेनो विसिंग यांनी दोनच रंग वापरले, विमानाकडे नेणाऱ्या फलकांना पिवळा आणि सोयींच्या फलकांना हिरवा. आणि आणीबाणीच्या वाटेचा हिरवा व अग्निशमनाचा लाल हे दोन रंग आवारात आधीच कामावर आहेत, त्यांच्या वाट्याला जाऊ नका.

प्रश्न : फलक देवनागरी आणि रोमन अशा दोन लिप्यांत करायचे आहेत. अक्षर किती मोठे असावे याचे काही गणित आहे का? पुरवठादार म्हणतो, ‘दिसेल हो.’
(एका महाविद्यालयाच्या प्राचार्या)

उत्तर : गणित आहे. नेत्रतपासणीच्या तक्त्यावर निरोगी डोळ्याने ६ मीटरवरून वाचायची जी ओळ असते, तिचे अक्षर ९ मिलिमीटरलाही किंचित कमी असते. पण ती झाली डोळ्याची परीक्षा, आणि फलक वाचणाऱ्याची परीक्षा घ्यायची नसते. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा : दर साडेसात मीटर अंतराला २५ मिलिमीटर अक्षर. म्हणजे पंधरा मीटरवरून चालत येणाऱ्यासाठी ५० मिलिमीटर. गाडीवाल्याचे वेगळे. ताशी २० किलोमीटरने येणारी गाडी पाच सेकंदांत सुमारे २८ मीटर कापते. तेवढ्या वेळात वाचून वळायचे, तर अक्षर ९० मिलिमीटरच्या पुढे हवे आणि नावे तीनच.

हा ठोकताळा मात्र रोमन कॅपिटलांच्या उंचीवर बेतलेला आहे आणि इथेच देवनागरीची फसगत होते. संगणकावर दोन्ही लिप्यांना सारखाच आकडा दिला तरी देवनागरीचे अंग, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचा भाग, बहुतेक टंकांत, म्हणजे फाँटांत, लहान निघते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांना त्याच आकड्यात जागा करून द्यायची असते ना! म्हणून पट्टी लावून अंग मोजा आणि गणित त्याला लावा. निविदेतही तसेच लिहा, ‘शिरोरेषेपासून पायापर्यंत ५० मिलिमीटर’. ‘फाँट साइज’ लिहिलेत तर पुरवठादाराचे ‘दिसेल हो’ खरे मानावे लागेल.

लांबून पहिला बळी जातो तो अनुस्वाराचा. मग घ आणि ध, भ आणि म एकमेकांत मिसळतात. फार जाड टंक घेतला की ष, क्ष, ळ यांची पोटे भरून येतात. मध्यम जाडी बरी. गडद पत्र्यावर परावर्ती पांढरी अक्षरे असतील तर रात्री दिव्याच्या झोतात ती फुगलेली दिसतात, तिथे जाडी आणखी थोडी उतरवा. दोन ओळींमध्ये भरपूर जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर बसतो.

रोमन मजकूर सगळा कॅपिटलांत नको, फक्त पहिले अक्षर मोठे. जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी घडवलेली रस्त्यांच्या फलकांची पद्धत ब्रिटनमध्ये १९६५ पासून लागू आहे, तिच्यातही गावांची नावे अशीच लिहितात. दोन्ही लिप्यांना दोन रंग देण्यापेक्षा जागा ठरवून द्या, देवनागरी नेहमी वर किंवा नेहमी डावीकडे. वाचणारा दुसऱ्या फलकापासून आपली ओळ न शोधता वाचतो.

पक्के करण्याआधी खऱ्या मापाचा कागदी फलक छापा, खऱ्या जागी चिकटवा आणि मागे मागे जात वाचा. बरोबर एक साठीतला माणूस न्या. आणि छापण्याआधी शुद्धलेखन दोघांनी वेगवेगळे तपासा. ‘वसतिगृह’मधली ति ऱ्हस्व आहे. मी नऊ फुटांचा ‘वसतीगृह’ उतरवलेला आहे, म्हणून सांगते.

प्रश्न : मॅडम, मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सगळ्यांच्या हातात फोन असताना फलकांवर खर्च कशाला? प्रत्येक खांबावर एक क्यूआर कोड लावला की झाले, असे मला वाटते.
(एक विद्यार्थिनी)

उत्तर : तू हे करून पाहिलेस का? भर दुपारी, उन्हात, एका हातात फाइल आणि दुसऱ्यात छत्री घेऊन? पाहा आणि मग पुन्हा लिही.

उघड्या आकाशाखाली फोनला आपली जागा साधारण पाच मीटरपर्यंत अचूक कळते. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि निळा ठिपका पलीकडच्या अंगणात जाऊन बसतो. आवारात नेमक्या अशाच जागा जास्त असतात. त्यातून फोनमधला नकाशा कित्येकदा इमारतीच्या मध्यबिंदूकडे नेतो. त्या बिंदूला सर्वांत जवळचा रस्ता मागचा असला, तर तो तुला कुंपणाच्या मागे उभे करून ‘तुम्ही पोचलात’ म्हणतो.

तरी तुझा मुद्दा मी फेकून देत नाही, उलट तुला कामाला लावते. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ मध्ये सुरू झालेला खुला नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो. तुझ्या महाविद्यालयाच्या पायवाटा, जिने, उतार आणि इमारतींची दारे त्यात आहेत का बघ. नसतील तर भर, एका सुट्टीचे काम आहे. फलकावर आणि फोनवर नाव एकच असेल याकडेही लक्ष दे. क्यूआर कोड लाव, पण तो उघडल्यावर संस्थेचे मुखपृष्ठ आणि संचालकांचा संदेश येता कामा नये. त्याच खांबापासूनचा नकाशा यायला हवा. खांबावर शब्द मात्र राहू दे. फोन मेलेला माणूसच सर्वांत जास्त हरवतो.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरतो. एका आवारात बाणांच्या मागे मागे गेलो आणि अकरा पायऱ्यांच्या पुढ्यात पोचलो. फलक चुकीचा नव्हता, इमारत तीच होती. याला काय म्हणायचे?
(एक वाचक)

उत्तर : फलक चुकीचाच होता. वाट दाखवली आणि ती तुम्हाला चालण्यासारखी नसली, तर तुमच्यापुरती ती खोटी माहिती. अकरा पायऱ्या पाहिल्यावर परत फिरायचे म्हणजे आलेला सगळा चढ-उतार पुन्हा हाताने ढकलायचा.

म्हणून विनापायरी वाट पायऱ्यांपाशी दाखवून उपयोग नाही. ती जिथे फुटते त्या फाट्यावर दाखवायला हवी. नकाशात पायऱ्या, उतार आणि लिफ्ट ही तिन्ही काढायची. उतार कसा आहे तेही. अमेरिकेच्या एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्याच्या, मानकांत रॅम्पला जास्तीत जास्त १:१२ चढ चालतो, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. आवारातले जुने रॅम्प कितीदा याच्या दुप्पट उभे असतात आणि नकाशात मात्र ऐटीत व्हीलचेअरची निळी खूण मिरवतात. शक्य असेल तर सगळ्यांनाच विनापायरी वाटेने न्या. सामानवाले, बाबागाडीवाले आणि गुडघेवाले दुवा देतील.

तुमच्या पत्रामुळे दुसरी एक गोष्ट सांगायची संधी मिळाली : फलक स्वतःच अडथळा होतात. अंध माणसाची पांढरी काठी जमिनीलगत फिरते. दोन खांबांवर कंबरेच्या उंचीला टांगलेला पत्रा काठीला लागत नाही, थेट छातीला लागतो. त्याच मानकांत म्हटले आहे, की जमिनीपासून २७ इंचांच्या वर आणि ८० इंचांच्या खाली असलेली वस्तू भिंतीपासून वाटेत चार इंचांहून जास्त पुढे येऊ नये, आणि डोक्यावरची मोकळी जागा ८० इंच, म्हणजे साधारण २०३० मिलिमीटर हवी. सोपा उपाय म्हणजे पत्रा जमिनीपर्यंत आणा किंवा डोक्याच्या चांगला वर न्या.

आणि स्पर्शाचा नकाशा करायचा झाला, तर डोळ्यांसाठीच्या नकाशाचीच उठावाची प्रत काढू नका. बोटाला एका वेळी फार थोडे कळते. मुख्य वाट, चार-पाच इमारती, ब्रेलमध्ये नावे, बस्स. तो फाटकाजवळ, पायवाटेला लागून, हाताच्या उंचीवर तिरपा ठेवा आणि तो तिथे आहे हे रक्षकाला सांगायला शिकवा. आवाराच्या मधोमध हिरवळीवर ठेवलेला एक उत्तम ब्रेल नकाशा मी पाहिला आहे. त्यापर्यंत पोचायला वाट नव्हती.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी लावलेले फलक आताच फिके पडले आहेत आणि तीन इमारतींची नावेही बदलली. पुन्हा सगळे नवीन करायचे?
(एका संस्थेच्या सचिव)

उत्तर : फिके काय पडले ते आधी पाहा. लाल आणि पिवळा उन्हात लवकर जातात, काळा आणि निळा टिकतात. छापील फलकावर अतिनील किरण अडवणारे आवरण होते का, हे जुन्या बिलात सापडेल. तिथे ते नसेल तर फलकावरही नसते. नवे आवरण मॅट घ्या. चकचकीत पत्र्यात दुपारी वाचणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसतो.

नावे बदलतच राहणार. म्हणून प्रत्येक नावाची पट्टी वेगळी, मागून स्क्रूने बसवलेली हवी; एक नाव बदलले तर एक पट्टी बदलते. इमारतीला क्रमांक द्या आणि तो कधीही बदलू नका. रुग्णवाहिकेला रात्री दोन वाजता ‘इमारत १४’ सांगता येते, आणि तो आकडा रस्त्यावरून दोन्ही बाजूंनी वाचता आला पाहिजे. खांब हलवायचे असतील तर खड्डा खणण्याआधी विजेच्या तारा आणि पाण्याचे नळ कुठून गेले आहेत ते विचारा. हे मला विचारू नका, तुमच्या जुन्या प्लंबरला विचारा, त्याला कागदांपेक्षा जास्त माहीत असते.

बाकी खांब उभे राहू द्या. वर्षातून दोनदा, एकदा झाडांना पालवी भरल्यावर आणि एकदा नवे विद्यार्थी येण्याआधी, स्क्रू-ड्रायव्हर, फडके आणि छाटणीची कात्री घेऊन सगळ्या खांबांची फेरी मारा. कोणी टेपने कागद चिकटवलेला दिसला तर फाडण्याआधी वाचा आणि वहीत उतरवून घ्या. नवी पट्टी कोणती करायची, ते त्यावर लिहिलेले असते.